कोऱ्या ग्रिलवरचं पहिलं जेवण

"ओत," आत्याबाई म्हणाल्या. आमच्या भागात सासूला आत्याबाईच म्हणतात.

घरामागच्या लाकडी डेकवर त्यांनी किराणा दुकानाच्या जाहिरातींचे रंगीत कागद पसरले होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून चारी कोपऱ्यांवर माझ्या कुंड्या ठेवल्या होत्या. स्वतः शाल गुंडाळून, मांडी ठोकून बसल्या होत्या. मी पेलेट्सची जड पिशवी पोटाशी धरून उभी.

"आत्याबाई, हे लाकूड नाही. भुसा दाबून केलेल्या कांड्या आहेत. कारखान्यातून बंद पिशवीत येतात. यात किडा कुठून येणार?"

"किडा काय सांगून येतोय व्हय? ओत."

ओतल्या. खडूच्या तुकड्याएवढ्या त्या कांड्यांचा ढीग झाला आणि आत्याबाई मूठमूठ उचलून तळहातावर पसरून बघायला लागल्या. शिरोळच्या घरी चुलीत लाकूड घालण्याआधी त्या प्रत्येक ढलपी आपटून, उलटीपालटी करून बघायच्या. मुंगी जरी निघाली तरी ते लाकूड बाजूला. इथे ओहायोत, नोव्हेंबरच्या बोचऱ्या वाऱ्यात, तेच चाललं होतं. भरतेश, म्हणजे माझा नवरा, काचेच्या दाराआडून माझ्याकडे बघून हसला. मला हसू येत नव्हतं. मला तो दिवस कुठल्याही परिस्थितीत बिघडू द्यायचा नव्हता.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि नऊ वर्षांत सासूबाईंनी माझ्या हातचं काही खाल्लं नव्हतं. मी कोल्हापूरच्या मराठ्यांची. आमच्याकडे बुधवार-रविवार तांबड्या-पांढऱ्या रश्शाशिवाय वार उजाडल्यासारखा वाटायचा नाही. भरतेशचं घर जैनांचं, कडक. कांदा-बटाटासुद्धा उंबऱ्याच्या आत नाही. लग्नाला विरोध झाला, मग मावळला, आणि आत्याबाईंनी मला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. साडी आणायच्या, केसांना तेल लावून द्यायच्या, बाळंतपण होऊन मूल हाती लागलं नाही तेव्हा महिनाभर माझ्या उशाशी बसल्या. पण मी चहा केला की म्हणायच्या, "आत्ताच घेतला बघ." मी पाणी दिलं की भांडं तसंच राहायचं आणि थोड्या वेळाने त्या स्वतः उठून माठातलं घ्यायच्या. त्या भांडल्या असत्या तर मीही भांडले असते. हे असं गोड बोलून नाही म्हणणं माझ्या जिव्हारी लागायचं, आणि तक्रार तरी काय करणार?

अमेरिकेत घर घेतलं तेव्हा भरतेशने एकच अट घातली, स्वयंपाकघर आईच्या घरासारखं ठेवायचं. मी कबूल झाले. माझं जे काही असेल ते बाहेर, डेकवर. म्हणून आमच्याकडे पेलेट ग्रिल आलं. एका बाजूच्या डब्यात कांड्या भरायच्या, बटण दाबायचं. आतला स्क्रू त्या कांड्या थोड्या थोड्या पुढे ढकलतो, पंखा वारा घालतो, आणि झाकणाखाली भट्टीसारखी धग तयार होते. लाकडाचा वासही येतो. लग्नाच्या वाढदिवसाला भरतेशनेच ते भेट दिलं होतं, महिनाभर अभ्यास करून. स्वतः अंडंही न खाणाऱ्या माणसाने बायकोला कोंबडी भाजायला यंत्र आणावं, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

यंत्र मात्र दळभद्री निघालं. काट्यावर एक आकडा, आत भलतंच. वारा सुटला की विझायचं, दमट हवा असली की कांड्या फुगून स्क्रू अडकायचा. माझा भाऊ पहिल्यांदा आला तेव्हा चार तास भाजलेल्या कोंबडीला सुरी लावली आणि हाडाशी लालभडक. कंपनीने दोनदा सुटे भाग पाठवले. भरतेश ते बसवायचा आणि म्हणायचा, "आता बघ." मी बघायचे, आणि ते पुन्हा विझायचं. दुसऱ्या कंपनीचं घेऊया म्हटलं की तो विषय बदलायचा, कारण निवड त्याची होती. शेवटी एका रविवारी मी ते धुराडं स्वतःच ढकलत ढकलत गॅरेजपर्यंत नेलं. दुकानदाराने ते परत घेतलं आणि मी माझ्या पसंतीचं, दुसऱ्या कंपनीचं, मागवलं.

ते आलं नेमकं आत्याबाई येऊन पंधरवडा झाल्यावर.

"आई जाईपर्यंत खोक्यातच राहू दे," भरतेश म्हणाला.

"का? मी चोरी केलीये?"

"अगं, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

राहिलं गॅरेजमध्ये. पण आत्याबाईंना गॅरेज फार आवडायचं. थंडी नाही, वारा नाही, तिथे त्या सकाळी येरझाऱ्या घालायच्या. एक दिवस त्या खोक्यापुढे उभ्या राहिलेल्या दिसल्या. खोक्यावर पुरुषभर उंचीचं चित्र होतं, मांसाच्या भल्यामोठ्या तुकड्याचं, रस गळणारं.

"हे काय रे भरत?"

"भाज्या भाजायचं यंत्र आहे, आई."

आत्याबाईंनी चित्राकडे बघितलं. मग त्याच्याकडे. "ही कुठली भाजी म्हणायची?"

भरतेश तोंडात साखर असलेला माणूस. कुणाला वाईट वाटू नये म्हणून तो काहीही सांगेल, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर एक रेघसुद्धा हलायची नाही. तो आता काहीतरी परदेशी कंदाचं नाव घेणार हे मला दिसलं, आणि माझं डोकं फिरलं.

"मांस आहे ते, आत्याबाई. मी यावर कोंबडी भाजणार आहे. स्वयंपाकघरात मी कधी केलं नाही, करणार नाही. बाहेर करते. आधीचं ग्रिल खराब निघालं म्हणून हे आणलं."

भरतेशने डोळे मिटून घेतले. आत्याबाई खोक्याच्या चारी बाजूंनी फिरून आल्या. मग त्यांनी खोक्यावर बोट ठेवलं.

"अजून कोरं हाय?"

"हो. उघडलंसुद्धा नाही."

"मग आधी माझं भाज. नंतर तुझं काय ते कर." त्या वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "रविवारी. तुझ्या हातचं खाईन मी."

मी गॅरेजमध्येच खोक्याला टेकून उभी राहिले. रडू येत होतं आणि भरतेशसमोर रडायचं नव्हतं.

तर तो हा रविवार. कार्तिकातली अष्टान्हिका चालू होती, आठ दिवसांचं पर्व. आत्याबाई एकाशन करत होत्या. म्हणजे दिवसातून एकदाच जेवायला बसायचं, उठल्यावर पाणीसुद्धा नाही, आणि तेही सूर्य मावळायच्या आत. एरवी त्या दुपारीच बसायच्या. आज माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हेमाचं होऊ दे, संध्याकाळी बसू." सकाळपासून त्या कोरड्या होत्या. मी हट्टाने ठरवलं होतं की आज गॅस पेटवायचाच नाही, सगळं त्या ग्रिलवरच. कणकेचे रोडगे, त्यांनीच आणलेलं तूप, आणि बेसन-शेंगदाण्याचं सारण भरलेल्या ढबू मिरच्या.

पेलेट्स तपासून व्हायला बराच वेळ गेला. किडा निघाला नाही. "झालं समाधान?" असं मी मनात म्हटलं, तोंडाने नाही. मग नवीन ग्रिल पहिल्यांदा रिकामंच तापवायचं होतं, आतलं कारखान्यातलं तेल जळून जायला. तेही केलं. पण काटा कसा सरळ चढत गेला म्हणून सांगू! वारा होता, तरी ज्योत हलली नाही. जुनं असतं तर एव्हाना दोनदा विझलं असतं. मी भरतेशकडे जरा तोऱ्यातच बघितलं.

"बघितलंस? याला म्हणतात ग्रिल."

"मान्य बाई. किती वाजता बसवायचं आईला?"

"रोजच्यासारखं. सहाच्या आत. कालसुद्धा सव्वासहापर्यंत उजेड होता."

रोडगे आणि मिरच्या जाळीवर मांडल्या, झाकण लावलं. तीन दिवस सूर्य दिसला नव्हता. आभाळ राखाडी, सगळीकडे सारखं, सकाळ कुठली आणि दुपार कुठली कळू नये असं. मी हात चोळत उभी होते. एवढ्यात शेजारच्या अंगणातले दिवे लागले. ते अंधार पडू लागला की आपोआप लागणारे दिवे होते.

मी घड्याळ बघितलं. पाच वाजायचे होते. ढग आहेत म्हणून लवकर लागले असतील, असं मला वाटलं. आणि मग आठवलं.

आदल्या रात्री घड्याळं बदलली होती. वर्षातून दोनदा इथे हा पोरखेळ चालतो. नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी सगळी घड्याळं तासभर मागे. सकाळी तासभर जास्त झोप मिळाली म्हणून आम्ही दोघं खुशीत होतो. भरतेशने स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळही मागे केलं होतं. सूर्याला कोण सांगणार होतं? कालचे सव्वासहा आजचे सव्वापाच झाले होते.

"भरत!"

तो धावत आला. मी सांगितलं. त्याचा चेहरा पडला, आणि मग त्याने जे करू नये तेच केलं, झाकण उघडून आत बघितलं.

"उघडू नको! धग जाते!"

"कच्चेच आहेत गं अजून."

"तू दर मिनिटाला उघडलंस तर कच्चेच राहतील!"

मी आच पूर्ण वाढवली. आतला पंखा घोंघावायला लागला. भरतेश आत गेला. काचेतून मला दिसत होतं, तो आईपुढे वाकून काहीतरी समजावत होता. आत्याबाई टेबलाशी बसल्या होत्या. शिरोळहून आणलेलं त्यांचं स्वतःचं ताट पुढ्यात, रिकामं. मी दार सरकवून डोकं आत घातलं.

"...केळं खा, दूध घे, आई. आत्ता. वेळ थोडा आहे."

"आणि मग?"

"मग काय, झालं जेवण."

"तेच म्हणतोय मी. एकदा खाल्लं की झालं. मग हिचं कधी खाऊ?" आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. "होतंय का गं?"

"होतंय, आत्याबाई."

"मग होऊ दे. घाई करू नको, हात भाजून घेशील."

सत्तरीची बाई, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, आणि मला सांगतायत हात सांभाळ. मी बाहेर आले आणि ग्रिलच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिले. एरवी कशावर विश्वास नसलेली मी, त्या यंत्राला आई-बाप म्हणून विनवत होते. आभाळाचा रंग काळपट होत चालला होता. एक रोडगा बाहेर काढून फोडला. मध्ये पांढरट. परत ठेवला. भरतेश सारखा आत-बाहेर करत होता. तो एकदा झाकणाला हात लावायला आला आणि मी त्याच्या मनगटावर चापट मारली. तो मनगट चोळत मागे सरला. मग दुसरा रोडगा फोडला. वाफ आली, खरपूस वास आला, मध्ये कोरडा, दाणेदार. झालं होतं.

मी चिमट्याने दोन मिरच्या, दोन रोडगे बशीत घेतले आणि पळाले. ताटात ठेवले, रोडगा कुस्करला, वर तूप सोडलं. घाईत तूप जरा जास्तच पडलं. आत्याबाईंनी डोळे मिटून हात जोडले आणि पुटपुटत णमोकार मंत्र म्हणायला लागल्या.

भरतेशचा फोन ओट्यावर होता. त्यावर सूर्यास्ताची वेळ मोठ्या आकड्यांत होती, आणि वर कोपऱ्यात आत्ताची वेळ. सूर्य मावळून गेला होता. नुकताच, अगदी नुकताच, मी तूप सोडत होते तेव्हा. मी बघितलं हे भरतेशने बघितलं. त्याने हळूच हात लांब करून फोन पालथा घातला आणि माझ्या कानाशी आला.

"दोन मिनिटांनी काय बिघडतंय? दिवसभर उपाशी आहे ती."

आत्याबाईंनी डोळे उघडले. घास केला. तुपात भिजलेला, माझ्या हातच्या रोडग्याचा घास, त्यांच्या बोटांत होता. त्यांनी खिडकीकडे बघितलं. बाहेर नुसता करडा उजेड, त्यात दिवस की रात्र हे कुणाला सांगता आलं नसतं.

"सूर्य हाय न्हवं, भरत?"

"आहे की आई. अजून दहा मिनिटं आहेत. जेव."

आवाज एवढा मोकळा, एवढा प्रेमळ, की क्षणभर मलाही वाटलं, असेल. घास उचलला गेला, आणि मध्येच थांबला. आत्याबाईंनी मान वळवली.

"हेमा, तू सांग."

'आहे' हा शब्द माझ्या तोंडात आला होता. खोटं नाही सांगत. नऊ वर्षं मी त्या घासाची वाट बघितली होती. त्यांना कळणार नव्हतं, कुणालाच कळणार नव्हतं. घास तोंडात गेला असता, त्या 'छान झालंय' म्हणाल्या असत्या, आणि मी आयुष्यभर ते शब्द घोळवत बसले असते. भरतेश त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून मला डोळ्यांनी विनवत होता. आणि आत्याबाई नुसत्या बघत होत्या, शांतपणे, जणू मी जे सांगेन तेच खरं धरायचं हे त्यांचं ठरलेलं होतं. म्हणूनच माझ्याच्याने होईना.

"नाही, आत्याबाई," मी म्हणाले. "गेला. आत्ताच गेला. मला घड्याळाचं लक्षात आलं नाही. माझीच चूक."

आत्याबाईंनी घास परत ताटात ठेवला. बोटांचं तूप ताटाच्या काठाला पुसलं. मग त्या उठल्या, नळाखाली हात धुतले, पदराला पुसले, आणि जिना चढून खोलीत गेल्या. चढताना कठड्याला धरून दोनदा थांबल्या.

"काय मिळवलंस?" भरतेश दबक्या आवाजात म्हणाला. "ती आता उद्यापर्यंत पाणीसुद्धा घेणार नाही. दोन मिनिटं, हेमा! तुला एक शब्द बोलता आला नाही?"

"तुझ्यासारखा?"

"तिच्यासाठी बोललो मी!"

"त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, भरत. त्यांच्या व्रताशी मी कशी खेळू?"

"आता ती तुझ्या हातचं कधीच खाणार नाही. एवढं लक्षात ठेव."

हे मलाही ठाऊक होतं, त्याने सांगायची गरज नव्हती. आत्याबाई शिळं खायच्या नाहीत, म्हणून ते ताट उचलून ठेवण्यातही अर्थ नव्हता. मी ते तसंच टेबलावर सोडलं. बाहेर ग्रिल आपोआप थंड होत होतं, सुरेख, ठरल्या वेळेत, कसलीही कुरकूर न करता. मला त्याचा भयंकर राग आला. आम्ही दोघंही जेवलो नाही.

सकाळी उजाडताना भरतेश माझ्याआधी उठला. खाली दूध तापवल्याचा वास आला. तो बिचारा आईसाठी वेलदोडा कुटत होता, आवाज वरपर्यंत येत होता. मी जिन्यात आले आणि तिथेच थांबले. आत्याबाई अंघोळ करून, जप आटपून, कालच्याच खुर्चीत बसल्या होत्या. चेहरा सुकला होता. भरतेशने पेला त्यांच्यापुढे ठेवला.

"घे आई. गरम आहे. कधीपासूनचा उपास झालाय तुला."

आत्याबाईंनी पेल्याला एक बोट लावलं आणि तो हळूच परत त्याच्याकडे सरकवला.

"तुझ्या हातचं नको."

"आई?"

"काल तुझ्या भरवशावर घास उचलला मी." आवाज चढलेला नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं, असा होता. "माया हाय तुझी, माहीत हाय मला. पण आता तू दिलेलं घेताना मला दरवेळी खिडकीकडं बघावं लागंल. हेमाला बोलाव."

भरतेश उभाच राहिला. त्याचे डोळे भरले होते. मी उरलेल्या पायऱ्या उतरले.

"आले, आत्याबाई."

बाहेर तेच राखाडी आभाळ होतं, कालच्यासारखंच, पूर्व कुठली आणि पश्चिम कुठली कळू नये असं. आत्याबाईंची पाठ खिडकीकडे होती. त्यांनी मान वळवली नाही.

"सूर्य उगवला का गं?"

"उगवला, आत्याबाई."

"मग पेटव तुझं ते," त्या म्हणाल्या. "भूक लागलीय मला."